बोस्टनचे एक दफ्तर, दोन सरहद्दी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेची सरहद्द, म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांना मागे रेटत पश्चिमेकडे सरकवत नेलेली वस्तीची कड, आणि अहमदनगर यांचा संबंध वरवर काहीच दिसत नाही. तथापि 1810 साली स्थापन झालेल्या आणि बोस्टनहून कारभार पाहणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड’ या धर्मप्रसारक संस्थेने दोन्हीकडे माणसे धाडली. डिसेंबर 1831 मध्ये नगरला तिचे ठाणे बसले, तर 1836 मध्ये मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन हे दांपत्य खुष्कीच्या मार्गाने ओरेगॉनला पोहोचले. तेथे वसाहतवाल्यांचे तांडे वाढत गेले, गोवराच्या साथीत कायूस जमातीची माणसे मोठ्या संख्येने दगावली आणि 1847 मध्ये संतप्त कायूस लोकांनी व्हिटमन दांपत्याला ठार केले.

नगरकडे मात्र जमीन बळकावून कुंपण घालायला जागाच नव्हती, कारण गाव आधीच पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार (गावाची ठरलेली कामे करून पिकाचा वाटा घेणारे कारागीर व सेवक) यांच्या हक्कांनी बांधलेले होते. म्हणून हे अमेरिकन मराठी शिकले, शाळा काढल्या आणि हिवाळ्यात तंबू घेऊन बैलगाडीने खेडी फिरले. त्यातला कळीचा प्रश्न मुक्कामाचा होता: चावडीपाशी बसावे तर गावकुसाबाहेरच्या महार-मांगांनी तेथे यायचे कसे, आणि महारवाड्यात जावे तर बाकी गाव ऐकायला येणार कसे? पुढे ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांगांचाच भरणा मोठा होता, एवढ्यावरून निवाडा कोणत्या बाजूने झाला ते कळते. 1842 साली नगरातच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि पुढे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती उपदेशासाठी कीर्तनाचा थाट उचलला; प्रवचनापेक्षा टाळ-मृदंगाला श्रोते अधिक जमतात, हे जाणण्याइतके भान या मंडळींना निश्चितच आले होते.

या साऱ्यांत सिंथिया फरार यांचे काम निराळे ठरते. अविवाहित असताना 1827 मध्ये मुंबईला आलेल्या या बाई 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले. फरारबाई अखेरच्या काळातही अमेरिकेला परतल्या नाहीत. 1862 मध्ये नगरातच त्यांचे निधन झाले.