एंडोमेट्रिओसिस : दाह व प्रतिकारयंत्रणेविषयीच्या विचाराचा इतिहास आणि डहाणू-तलासरीचा संदर्भ

प्रस्तावना

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, विशेषतः बीजांडकोशावर व ओटीपोटाच्या आवरणावर वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस होय. पाळीच्या वेळी असह्य वेदना, ओटीपोटातील दीर्घकाळचे दुखणे व वंध्यत्व ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. या आजाराच्या कारणांविषयीचा विचार कसकसा बदलत गेला आणि त्या विचारप्रवासात ग्रामीण व आदिवासी स्त्रीला कोणते स्थान मिळाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सॅम्पसन यांचा सिद्धांत व त्यातील उणीव

व्हिएन्ना येथील विकृतिशास्त्रज्ञ कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये या प्रकारच्या ऊतीचे वर्णन केले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या आजाराची आधुनिक मांडणी अमेरिकन शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांच्या नावाशी जोडली गेली आहे. १९२१ मध्ये त्यांनी बीजांडकोशातील रक्तगाठींचे विवेचन केले. पाळीचे काही रक्त बीजवाहक नलिकांतून उलट दिशेने ओटीपोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असा सिद्धांत त्यांनी १९२७ मध्ये मांडला.

हा सिद्धांत पुढे सर्वमान्य झाला, परंतु त्यात एक अडचण होती. १९८४ मध्ये हाल्मे व सहकाऱ्यांनी नलिका खुल्या असलेल्या स्त्रियांच्या ओटीपोटातील द्रव पाळीच्या सुमारास तपासला. त्यांपैकी ९० टक्के स्त्रियांच्या द्रवात रक्त आढळले. उलटा प्रवाह जर बहुतेक स्त्रियांमध्ये होत असेल, तर आजार थोड्यांनाच का होतो? या प्रश्नाने संशोधकांचे लक्ष प्रतिकारयंत्रणेकडे वळवले.

प्रतिकारयंत्रणेचा विचार

१९८० च्या सुमारास या दिशेने अभ्यास सुरू झाले. डमोव्स्की व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आजारी माकडिणींमध्ये पेशीजन्य प्रतिकार क्षीण असल्याचे दाखवले. बेल्जियममधील ऊस्टरलिंक यांच्या गटाने १९९१ मध्ये रुग्ण स्त्रियांच्या नैसर्गिक मारक पेशींची क्षमता घटलेली असल्याचे नोंदवले. भरकटलेल्या पेशींचा निकाल लावणे हे ज्या पहारेकऱ्यांचे काम, तेच दुर्बळ ठरतात, असा याचा अर्थ लावण्यात आला.

पुढील संशोधनातून चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. रुग्ण स्त्रियांच्या ओटीपोटातील द्रवात भक्षक पेशींची संख्या वाढलेली असते. परंतु त्या ऊती नष्ट करण्याऐवजी तिच्या वाढीस हातभार लावतात. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे संदेशवाहक रेणू दाह वाढवतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात आणि मज्जातंतूंना संवेदनशील करतात. वेदनेचे एक मूळ येथे आहे. प्रोस्टाग्लँडिनमुळे ऊतीमध्ये इस्ट्रोजेनची निर्मिती होते आणि इस्ट्रोजेनमुळे पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढते, असे दुष्टचक्रही संशोधकांनी दाखवून दिले.

मात्र दाह हे आजाराचे कारण की परिणाम, हा प्रश्न अद्याप पूर्णतः सुटलेला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध खोल एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेवर प्रभावी ठरले नाही. एकाच संदेशाचा मार्ग अडवून हे जाळे तुटत नाही, असे यावरून म्हणता येईल.

कोणाचा आजार?

या इतिहासाला एक सामाजिक बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॉस्टनचे जो मेग्ज यांनी उशिरा होणारे विवाह व मातृत्व यांच्याशी या आजाराचा संबंध जोडला. परिणामी हा सुखवस्तू, सुशिक्षित स्त्रियांचा आजार असल्याची समजूत दृढ झाली. १९७६ मध्ये शिकागोचे डोनाल्ड चॅटमन यांनी तिला छेद दिला. ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचे निदान झालेल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होते, असे त्यांनी दाखवले. आजार तेथे होता. तो पाहण्याची दृष्टी नव्हती.

महाराष्ट्रापुरता विचार करता डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील अभ्यास मोलाचा आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. यापूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या केवळ ८ टक्के होत्या. एंडोमेट्रिओसिसच्या वरवरच्या स्वरूपाचे निदान गावातील साध्या तपासणीने होत नाही. त्यासाठी दीर्घकाळ दुर्बिणीची शस्त्रक्रियाच आवश्यक मानली गेली. त्यामुळे अशा आकडेवारीतही या आजाराची पुरेशी नोंद होणे कठीण होते.

डहाणू-तलासरीचा संदर्भ

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. १९४५ चा वारली उठाव, वेठबिगारीविरुद्धचा लढा आणि कोसबाड येथील ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे शैक्षणिक कार्य या अंगांनी या परिसराचा इतिहास लिहिला गेला. स्त्रियांच्या आजारांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. आगरसारखे गाव असो वा तलासरीतील आदिवासी पाडा, पाळीच्या दिवसांतील दुखणे 'बाईच्या जातीला असायचेच' म्हणून सोसले गेले, तर त्याची नोंद कोणत्याही कागदावर उरत नाही.

या दृष्टीने दोन घडामोडी आशादायक आहेत. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिसचा वैद्यकीय व जनुकीय अभ्यास हाती घेतला. याच संस्थेच्या मार्गदर्शनाखालील ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणू येथे आहे. शिवाय २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी निदानासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आग्रह शिथिल केला असून लक्षणांवरून उपचार सुरू करण्यास वाव दिला आहे. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या स्त्रीसाठी हा बदल महत्त्वाचा ठरू शकतो.

समारोप

सॅम्पसन यांच्यापासून आजपर्यंतच्या शतकात या आजाराचे स्पष्टीकरण रक्ताच्या प्रवाहाकडून पेशींच्या परस्परसंवादाकडे सरकले. परंतु प्रत्येक टप्प्यावरील ज्ञान ज्या स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचू शकल्या, त्यांच्या शरीरांवरूनच सिद्ध झाले. ही मर्यादा दूर करण्याचा आरंभ स्त्रीची वेदना ऐकून ती नोंदवण्यापासून होतो. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनी दर महिन्याला ठरावीक दिवशी अनुपस्थित का राहतात, याची आस्थेने विचारपूस करणे हे त्या दृष्टीने आपणा प्राध्यापकांच्या हाती असलेले पहिले पाऊल होय.