पोटाचे दुखणे आणि प्रश्नावलीतील घर : वरळीच्या बीडीडी चाळींच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

रोगाचे मोजमाप केवळ तपासण्यांच्या आकड्यांवरून पूर्ण होत नाही. त्या रोगाने रुग्णाचे दैनंदिन जगणे किती उणावले हेही त्यालाच विचारले पाहिजे, ही जाणीव वैद्यकशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. पचनसंस्थेच्या विकारांच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे. आतड्याच्या कित्येक विकारांत दुर्बिणीची तपासणी निर्दोष येते, रक्त-लघवीचे अहवाल ठीक असतात आणि रुग्ण मात्र वर्षानुवर्षे हैराण असतो. अशा वेळी त्याचे उत्तर हाच मुख्य पुरावा ठरतो. जर्मनीतील शल्यचिकित्सक अर्न्स्ट आयपाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ३६ प्रश्नांची व १४४ गुणांची पचनविषयक जीवनमान प्रश्नावली, तसेच डोनाल्ड पॅट्रिक, डग्लस ड्रॉसमन आदींनी १९९८ मध्ये अमेरिकेत सिद्ध केलेली इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसाठीची ३४ विधानांची प्रश्नावली ही या प्रयत्नांची ठळक उदाहरणे होत. यांपैकी दुसरीचे जपानी रूपांतर मोटोयोरी कानाझावा, शिन फुकुदो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

जपानी रूपांतराचा उल्लेख येथे हेतुतः केला आहे. जपानी भाषेत ‘हारा’ म्हणजे पोट हे केवळ अन्नाचे कोठार नव्हे. राग येणे म्हणजे पोट उभे राहणे, मन मोकळे करणे म्हणजे पोट फोडून दाखवणे. मराठीचीही स्थिती याहून वेगळी नाही. भीतीने पोटात गोळा येतो, मत्सराने पोटशूळ उठतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घातला जातो आणि उपजीविकेला पोटापाण्याचा उद्योग म्हणतात. ‘त्याच्या पोटात दुखते’ हे वाक्य दवाखान्यात एक अर्थ देते आणि चाळीच्या जिन्यात दुसराच. तथापि शब्दांची ही अडचण अनुभवी अनुवादक सोडवू शकतो. खरी अडचण शब्दांपलीकडची आहे. जीवनमानाची प्रत्येक प्रश्नावली रुग्णाचे एक विशिष्ट घर न बोलता गृहीत धरते. ते घर आणि रुग्णाचे प्रत्यक्ष घर यांत अंतर असेल, तर निर्दोष भाषांतरही चुकीचे मोजते. मुंबईच्या कामगारवस्तीचा, विशेषतः वरळीच्या बीडीडी चाळींचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

गिरणगावात घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याची परंपरा प्रश्नावलीच्या आधुनिक शास्त्राहून बरीच जुनी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांच्या नावे १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात २,४७३ कुटुंबांचे हिशेब आहेत. त्यांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. याच अहवालाने काढलेला आणखी एक निष्कर्ष पोटाशीच निगडित आहे. मुंबईच्या कामगाराच्या आहारातील धान्याचे प्रमाण दुष्काळ संहितेने मान्य केलेल्या कमाल मर्यादेइतके, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या प्रमाणाहून कमी आढळले. सरकारनेच कैद्याला जास्त आणि गिरणीच्या मजुराला कमी अन्न मिळत असल्याची नोंद करावी, हा योगायोग त्या काळच्या वाचकांनाही खटकल्यावाचून राहिला नसावा. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिच्यात १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एका खोलीत सहा कुटुंबांची तीस माणसे आणि जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली आढळल्याची नोंद आहे. या दोन्ही पाहण्यांत एक गोष्ट समान होती. आहार, आजार आणि राहण्याची जागा ही त्यांनी एकमेकांपासून तोडली नाहीत. पुढील काळातील सुबक प्रश्नावल्यांत नेमकी हीच तोड झाली.

याच सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता आणि त्यासाठी कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. संकल्पाचा जेमतेम एक तृतीयांश भाग सिद्धीस गेला. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, मधून जाणारी लांब मार्गिका, तिच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि मजल्यावर सामायिक शौचालये, असा हा सिमेंट-काँक्रीटचा साचा होता. भाडे अधिक व जागा गिरण्यांपासून लांब म्हणून प्रारंभीची काही वर्षे पुष्कळशा खोल्या रिकाम्या पडून होत्या, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही.

आता या मार्गिकेत उभे राहून पाश्चात्त्य प्रश्नावली वाचून पाहावी. शौचालयात बराच वेळ जातो याचा त्रास होतो काय, असा आशय असलेले एक विधान अमेरिकन प्रश्नावलीत आहे. चाळीत हा वेळ दोन भागांत विभागला जातो : रांगेतला आणि आतला. रांगेतला वेळ आजाराचा नसतो. आतला वेळ मात्र बाहेरच्या थापेने ठरतो. ज्याच्या आतड्याला वीस मिनिटे हवीत त्याला पाच मिनिटांत उठावे लागते, आणि उत्तरपत्रिकेत तो ‘अजिबात नाही’ या रकान्यावर खूण करू शकतो. शौचालय जवळ असणे आवश्यक वाटते काय, या आशयाच्या विधानाचीही तीच गत. स्वतःचे शौचालय घरात असलेल्या माणसाला हा प्रश्न प्रवासाचा वाटतो, चाळकऱ्याला तो घराचा वाटतो. अमुक पदार्थ टाळावे लागतात काय, हा प्रश्न निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरतो. गावी कुटुंब ठेवून आलेला गिरणी कामगार पिढ्यानपिढ्या खानावळीत जेवत आला; ताटात येईल ते खाणे हाच त्याचा आहारनियम होता. या खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, यावरून त्या व्यवस्थेचा विस्तार लक्षात यावा. खानावळीत जेवणाऱ्याने पथ्य सांभाळायचे कोठे? वैवाहिक संबंधांवरील प्रश्नाविषयी तर एका खोलीत तीन पिढ्या झोपणाऱ्या कुटुंबात अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

भाषांतराच्या पद्धतीत या अडचणीला काय उत्तर होते? रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची पद्धत मांडली : एकाने मूळ भाषेतून लक्ष्य भाषेत न्यावे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत आणावे, आणि दोन्ही ताडून पाहावे. ही पद्धत शब्दांतील तफावत पकडते. घरांतील तफावत तिच्या चाळणीतून सहज निसटते. उलट, एखादे भाषांतर जितके शब्दनिष्ठ तितके ते या परीक्षेत उत्तम उतरते. ‘मध्यम प्रमाणात’ हा पर्याय इंग्रजीत परत नेला की चोख बसतो. पण आपला त्रास ‘मध्यम’ आहे असे वरळीत कोणी म्हणत नाही. तेथे त्रास ‘तसा बरा’ असतो किंवा ‘लई’ असतो. ‘असहाय’ हा शब्द पुस्तकी वाटतो आणि ‘लाचार’ म्हटले की स्वाभिमानी माणूस प्रश्नच नाकारतो. ‘बाहेर’ या एका शब्दाची व्याप्ती पाहावी. बाहेर जाणे म्हणजे शौचास जाणे, बाहेरचे खाणे म्हणजे हॉटेलातले खाणे, आणि ‘बाहेरचे काही झाले’ म्हणजे भूतबाधा. तिन्ही पोटाच्या तक्रारीत एकत्र येऊ शकतात.

या संदर्भात मुंबईतच झालेला एक प्रयत्न अधिक समाधानकारक दिशा दाखवतो. मिचेल वाइस यांनी मुंबईतील सहकाऱ्यांसह कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून ‘एमिक’ नावाची मुलाखत-पद्धती घडवली आणि ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात तयार विधानांपासून होत नाही. रुग्णाला आजार कशाने झाला असे वाटते, तो त्याला कोणत्या नावाने ओळखतो, लोक काय म्हणतात, हे आधी त्याच्या शब्दांत घेतले जाते. मोजणी नंतर येते. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात तयार केलेल्या जीवनमान प्रश्नावलीनेही अनेक देशांत एकाच वेळी काम करण्याचा मार्ग स्वीकारला. त्यात भारतातून दिल्ली व मद्रास ही केंद्रे होती. तिच्या २६ प्रश्नांच्या लघुरूपात राहत्या जागेविषयी एक स्वतंत्र प्रश्न आहे. आतड्याच्या विकारासाठी खास बेतलेल्या अमेरिकन प्रश्नावलीत तो नाही. रोगनिष्ठ साधन जितके धारदार तितके ते जागेबाबत आंधळे, असा हा विरोधाभास आहे.

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. औषध लागू पडले की नाही याचा निर्णय अशा गुणांवर होतो. चाळीतील रुग्णाचा त्रास साच्यात न बसल्यामुळे कमी नोंदला गेला, तर औषधाने त्याला फारसा फरक पडला नाही असे दिसते. आणि चाळीमुळे होणारा त्रास रोगाच्या खाती पडला, तर औषध निरुपयोगी ठरते. दोन्ही बाजूंनी नुकसान त्याचेच.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाने या गुंत्याला अनपेक्षित वळण दिले आहे. वरळीतील पुनर्विकासाचे भूमिपूजन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. घर ५०० चौरस फुटांचे, शौचालय घरातच. ज्या रहिवाशाला पोटाचा जुना विकार आहे, त्याचे आतडे तेच राहिले तरी शौचालयाविषयीच्या विधानांवरील त्याचे उत्तर आता बदलण्याची शक्यता आहे, आणि गुणांची ही वाढ कोणत्याही गोळीने झालेली नसेल. नव्या इमारतीत गेलेला आणि जुन्याच चाळीत वाट पाहत असलेला, असे दोन रुग्ण परळच्या केईएम रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एकाच बाकावर बसले, तर त्यांना तोच मराठी कागद देऊन चालणार नाही. निदान त्या कागदाच्या माथ्यावर, नाव व वय यांच्या शेजारी, शौचालय घरात की मजल्यावर आणि किती जणांत, एवढे तरी आधी लिहून घ्यावे लागेल. कामगार कार्यालयाच्या पाहणीदारांनी १९२१ मध्ये खोल्या मोजल्या होत्या, त्याच रीतीने.