तृणमणीपासून विभवापर्यंत



वळवाचे ढग दाटून आले म्हणजे नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याच्या मनांत आनंद आणि धास्ती हीं दोन्ही एकदमच उभीं राहतात. पाऊस हवा असतो, वीज नको असते. मृगाच्या आगेमागें या भागांत वीज पडून माणसें दगावतात, जनावरें मरतात. आणि पुष्कळ वेळां तीं झाडाखालीं आसऱ्यास गेलेलीं असतात. याच जिल्ह्यांतील हजारों विद्यार्थी प्रवेशपरीक्षांसाठीं विद्युतभार, विद्युतक्षेत्र आणि विभव यांचीं गणितें रात्रंदिवस सोडवीत असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं निकट संबंध आहे, हें मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगतो. तो संबंध उलगडण्यास मनुष्यजातीला सुमारें अडीच हजार वर्षें लागलीं. त्याचीच हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

आरंभ झाला तो एका पिवळ्या राळेपासून. प्राचीन वृक्षांची राळ लक्षावधि वर्षें जमिनींत राहून दगडासारखी कठीण होते; ती लोकरीवर घासली कीं गवताची काडी ओढून घेते. संस्कृतांत तिला तृणमणि म्हणत. फारसींत कहरुबा, म्हणजे काडी पळविणारा. आणि ग्रीक लोक तिला इलेक्ट्रॉन म्हणत. इलेक्ट्रिसिटी हा शब्द त्यावरूनच निघाला. कारण मात्र कोणास ठाऊक नव्हतें. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख आहे. तेथेंहि कारण म्हणून 'अदृष्ट' एवढेंच सांगितलें आहे.

सन १६०० मध्यें गिल्बर्ट नांवाच्या इंग्रज वैद्यानें दाखवून दिलें कीं, हा गुण एकट्या तृणमण्याचा नव्हे. कांच, गंधक, लाख इत्यादि अनेक पदार्थांत तो आहे. १७३३ त फ्रान्समधील द्यु फे यानें विद्युतभार दोन प्रकारचे असतात, सजातीय एकमेकांस लोटतात व विजातीय ओढतात, असें सिद्ध केलें. त्यांस धन आणि ऋण हीं नांवें दिलीं तीं अमेरिकेंतील फ्रँकलिन यानें. ढगांतील वीज व घासलेल्या कांचेंतील ठिणगी हीं एकच, असा त्याचा तर्क होता. १७५२ त फ्रान्समध्यें उंच लोखंडी सळई उभारून तो खरा करण्यांत आला. पण पुढच्याच वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथें असाच प्रयोग करितांना रिखमान हा प्राध्यापक वीज लागून जागच्या जागीं मरण पावला. ज्ञानाची किंमत कधीं कधीं अशी मोजावी लागते.

१७८५ त कूलंब यानें दोन भारांमधील बल मोजलें. अंतर दुप्पट केलें कीं बल चौथाई होतें, हा त्याचा नियम. परंतु मध्यें कांहींच नसतां एक भार दुसऱ्यास ओढतो कसा? या कोड्याचें उत्तर शोधणारे दोघेहि मोठ्या विद्यालयांत शिकलेले नव्हते, ही गोष्ट शिक्षकांनीं विसरूं नये. पहिला फॅरेडे, हा लहानपणीं पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. गणित त्याला फारसें येत नसे. म्हणून त्यानें भाराभोंवतालची जागाच बलरेषांनीं भरलेली आहे असें चित्र डोळ्यांपुढें उभें केलें. हेंच क्षेत्र. दुसरा नॉटिंगहॅमचा ग्रीन. हा पिठाची गिरणी चालवीत असे, व शाळेंत गेला तो जेमतेम वर्षभर. १८२८ त वर्गणीदार मिळवून त्यानें एक निबंध छापला व त्यांत विभवाची कल्पना मांडून तिला नांव दिलें. १८४१ त तो वारला तेव्हां त्याच्या निबंधाची फारशी कोणाला वार्ताहि नव्हती. १८४५ त विल्यम थॉमसन याच्या हातीं तो पडला आणि मग जगास त्याचें मोल कळलें.

विभव म्हणजे काय, हें गोदावरीकांठच्या माणसास समजावणें कठीण नाहीं. पाणी उंचावरून सखल जागीं जातें. विष्णुपुरीस नदीचें पाणी वर उचलावयाचें तर श्रम खर्च करावे लागतात. वर चढविलेलें पाणी उतरतांना तेच श्रम परत देऊं शकतें. भार म्हणजे जणूं पाणी, विभव म्हणजे त्या जागेची पातळी, आणि क्षेत्र म्हणजे तेथील उतार. नुसत्या उंचीनें पाणी वाहत नाहीं, उंचींतील फरकानें वाहतें. त्याचप्रमाणें वीज वाहते ती विभवांतील फरकामुळें. विजेच्या तारेवर दोन्ही पाय ठेवून बसलेला कावळा सुखरूप राहतो तो याच कारणानें.

आमच्या मराठवाड्यांत हें ज्ञान आलें तें दुहेरी वाटेनें. १९१८ त हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें व तेथें शास्त्रीय विषयहि उर्दूंतून शिकवूं लागले. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, आणि पुढें शाळांतून मराठीस तिचें स्थान मिळालें. शब्द बदलले, पण नातें तुटलें नाहीं. उर्दूंत विद्युतभारास बर्की बार म्हणतात; त्यांतील फारसी 'बार' व आपला 'भार' हे एकाच मुळाचे. क्षेत्रास उर्दूंत मैदान म्हणतात, आणि मैदान कोणत्या मराठी मुलाला ठाऊक नाहीं?

आतां पुन्हां झाडाकडे वळूं. पडणाऱ्या विजेंत सामान्यतः तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो. तो बुंध्यांतून जमिनींत शिरून चोहोंकडे पसरतो, व बुंध्यापासून दूर जावें तसतसें जमिनीचें विभव उतरत जातें. जमिनीची रोधकता शंभर ओहम-मीटर धरून हिशेब केला, तर बुंध्यापासून दहा मीटरवर झाडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असल्यास सुमारें सहा हजार व्होल्टांचा फरक पडतो. प्रवाह तिच्या हृदयाजवळून जातो. त्याच जागीं दोन्ही पाय जुळवून बसलेल्या माणसाच्या वांट्यास पांचशे व्होल्टांहूनहि कमी येतो. वीज अंगावर न पडतां झाडाखालचा कळप कां मरतो, याचा उलगडा ग्रीनच्या त्या निबंधांत आहे.

म्हणून गडगडाट ऐकूं येतांच पक्क्या घरांत जावें, झाडाखालीं कधींहि थांबूं नये. आणि उघड्यावर सांपडलोंच तर पाय जुळवून उकिडवें बसावें, आडवें पडूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' हें मोबाईलवरील साधन आगाऊ इशाराहि देतें. विभवाचें सूत्र पाठ करणाऱ्या मुलानें सुट्टींत गांवीं जाऊन एवढें जरी आपल्या चुलत्यास समजावून दिलें, तरी परीक्षेंतील गुणांहून मोठें फळ त्याच्या पदरीं पडेल.