सन त्र्याण्णव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९३ साली मी तेवीस वर्षांचा होतो. त्या वर्षी मी बी.ए. झालो, थोरल्या बहिणीचं लग्न झालं, मला पहिला पगार मिळाला आणि माझी पहिली कविता छापून आली. त्याच वर्षी मुंबईत दंगल झाली, बॉम्बस्फोट झाले आणि आमच्या औसा तालुक्यातलं किल्लारी जमीनदोस्त झालं. इतिहासाच्या पुस्तकात दंगल एका प्रकरणात असते आणि भूकंप दुसऱ्या. बहिणीचं लग्न तर कुठंच नसतं. आमच्या घरी मात्र हे सगळं एकाच कॅलेंडरवर होतं. भिंतीवर टांगलेल्या त्या पानांवर अब्बा दुधाचा हिशेब लिहीत आणि शिवायला आलेल्या कपड्यांच्या तारखाही.

अब्बा गावचे शिंपी. जातीनं नव्हे, धंद्यानं. ओट्यावर पायमशीन, शेजारी कात्री आणि गुंड्यांचा डबा. मुंडासं बांधणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बंड्या, पोरांच्या खाकी चड्ड्या, बायकांची पोलकी, सगळं तिथंच शिवलं जायचं. गावात आमची घरं दहा-बारा. घरात दखनी, ओट्यावर मराठी. मी कविता मराठीत का लिहितो, असं पुढं मला अनेकदा विचारण्यात आलं. ओट्यावर बसून काजं करायला शिकलो, गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकल्या, त्याच भाषेत लिहायला लागलो. याहून मोठं उत्तर माझ्यापाशी नाही.

आपाचं लग्न जानेवारीच्या शेवटी ठरलं होतं. मुलगा नात्यातलाच. धारावीत पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात काम करणारा. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगलीचा पहिला भडका उडाला. तो विझला असं वाटेपर्यंत जानेवारीत दुसरा उडाला आणि तो पहिल्याहून भयंकर होता. दोन्ही मिळून सुमारे ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगानं पुढं दिलेला हा आकडा आहे, आणि त्यात ५७५ मुसलमान व २७५ हिंदू अशी नोंद आहे. त्या दिवसांत लाखावारी माणसं मुंबई सोडून गावाकडं निघाली. मराठवाड्यात, उत्तर प्रदेशात, कोकणात, जिथं कुणाचं जुनं घर उभं असेल तिथं.

आपाचा होणारा नवरा त्याच लोंढ्यात आला. तेव्हा लातूरला मोठी रेल्वे नव्हती. मुंबईहून कुर्डुवाडीपर्यंत यायचं आणि तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी धरायची. ती इतकी सावकाश चाले, की चढावर माणसं खाली उतरून सोबत चालत, असं लोक थट्टेनं म्हणत. या गाडीतून तो दोन दिवसांनी गावी पोचला. अंगावर एक शर्ट, हातात काही नाही. कारखाना जळाला होता. काय पाहिलंस, असं कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. लग्न पुढं ढकललं. कारण सांगताना दोन्ही घरं म्हणत, ‘मुलाची नोकरी गेली.’ तेही खोटं नव्हतंच.

फेब्रुवारीत गावाला जरा हसू आलं ते क्रिकेटनं. इंग्लंडचा संघ आला होता आणि आपण तिन्ही कसोट्या जिंकल्या. कलकत्त्यात कर्णधार अझरुद्दीननं १८२ केले आणि मुंबईत, वानखेडेवर, विनोद कांबळीनं २२४. दंगलीला जेमतेम महिना झाला होता आणि त्याच शहरात भरल्या स्टेडियममध्ये लोक टाळ्या वाजवत होते. हे सगळं ओट्यावरच्या रेडिओवर ऐकलं. अब्बांना क्रिकेट कळत नसे, पण अझरची धावसंख्या ते नेमकी विचारत. मला तेव्हा त्याचा राग यायचा. एका खेळाडूवर एवढा भार कशाला घालायचा? त्यानं शतक काढलं की आपण देशाचे, आणि शून्यावर बाद झाला की? आज मी अब्बांच्या वयाला पोचलो आहे. त्यांचं विचारणं समजतं, पण राग अजून पुरता गेलेला नाही.

त्या वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये होता. १२ मार्च, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन तासांत एकामागून एक बारा झाले. २५७ माणसं गेली. आम्हांला कळलं ते संध्याकाळी. रोजा सोडला, सातच्या बातम्या लावल्या. निवेदकाचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. अम्मा खजुराची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. मुख्यमंत्री शरद पवार तेव्हा नुकतेच, म्हणजे सहा दिवसांपूर्वी, पदावर आले होते. मशीद बंदरलाही स्फोट झाल्याचं त्यांनी दूरदर्शनवर सांगितलं. तसा स्फोट झाला नव्हता. दंगा पुन्हा पेटू नये म्हणून आपण मुद्दाम तसं सांगितलं, हे त्यांनी पुढं जाहीरपणे कबूल केलं. सरकारनं खोटं बोलावं का, यावर आजही वाद घालता येईल. त्या रात्री आमच्या गल्लीत त्या एका खोट्यामुळं लोक झोपू शकले, एवढं मला ठाऊक आहे.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी गुढीपाडवा २४ मार्चला आला आणि ईद २५ला. असा योग फार क्वचित येतो. शिंप्याच्या घरी तो सुगीचा महिना. पाडव्याचे कपडे आणि ईदचे कपडे एकाच वेळी, वर पुढच्या लग्नसराईची कामं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ओट्यावर कापडाचे गठ्ठे लागले होते आणि मापांची वही भरली होती. १३ तारखेला सकाळी अब्बा मशिनीवर बसले. कुणी आलं नाही. १४लाही नाही. कापड परत मागायलाही कुणी आलं नाही, आणि त्यातच सगळं होतं. लोक ओट्यासमोरून जात, नमस्कार करत, थांबत नसत. अब्बा शिवत राहिले. कुणी नेवो वा न नेवो, पाडव्याचं काम पाडव्याआधी व्हायला हवं, एवढंच ते म्हणाले. माझी परीक्षा तोंडावर होती, पण मी पुस्तक मिटून काजं करत बसलो.

चौथ्या दिवशी गावचे एक निवृत्त गुरुजी आले. सदऱ्याचं माप द्यायचं होतं. खरं तर त्यांचं माप वहीत होतंच, वीस वर्षांपासून. अब्बांनी तसं म्हटलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘चाचा, पोट सुटलंय, नव्यानं घ्या.’ मग अर्धा तास ते ओट्यावर बसून राहिले, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे. दुपारनंतर माणसं यायला लागली. ही गोष्ट मी अनेक ठिकाणी सांगितली आहे आणि ती ऐकून लोक हळवे होतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की मधले तीन दिवसही झालेले आहेत. गुरुजींचा आदर करायचा तर ते तीन दिवस पुसून चालणार नाही.

न्यायाचा हिशेबही असाच अर्धवट राहिला. स्फोटांचा खटला विशेष न्यायालयात चालला, २००६-०७मध्ये शिक्षा झाल्या आणि २०१५ साली याकूब मेमनला फाशी झाली. २५७ माणसांच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. दंगलीसाठी जानेवारी १९९३मध्येच न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. १९९६ साली तो एकदा गुंडाळला गेला, पुन्हा सुरू झाला आणि १९९८मध्ये त्याचा अहवाल आला. अहवालात पुष्कळ काही लिहिलेलं आहे. त्यावरून शिक्षा झालेली माणसं मात्र मोजकीच. दंगलीत बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी, सांगावं लागलं. एकाच शहरातली, तीनेक महिन्यांतली ही दोन प्रकरणं. वकील नसलेल्या माणसालाही त्यांतला फरक दिसतो.

मे महिन्यात आपाचं लग्न झालं. जेवणाला दोन भाज्या होत्या, एवढंच म्हणतो. जून महिन्यात माझा निकाल लागला. गुणपत्रकावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे. पुढच्या जानेवारीत, १४ जानेवारी १९९४ला, नामविस्तार झाला आणि सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ निघून लातूर जिल्हा तिकडं गेला. माझ्या धाकट्या बहिणीच्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. कॉलेज एकच, बाकंही तीच. सतरा वर्षांच्या नामांतराच्या लढ्यात किती घरं जळली आणि किती माणसं गेली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या एका ओळीतल्या बदलाची किंमत कळेल.

ऑगस्टमध्ये लातूरच्या एका आडत दुकानात मुनिमाच्या हाताखाली लागलो. महिना सहाशे रुपये. तुरीच्या पोत्यांच्या पावत्या लिहायच्या आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कविता.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनासाठी मी गावी आलो होतो. मिरवणूक उशिरा संपली, लोक थकून झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आधी आवाज आला, दगडांनी भरलेला ट्रक घराखालून जावा तसा. अम्मानं धाकटीला ओढत बाहेर काढलं. आमच्या घराची मागची भिंत फाटली, पण पडली नाही. किल्लारी आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. तिथं काही उरलं नव्हतं.

आमच्याकडची घरं कशी असत ते शहरातल्या श्रोत्यांना सांगायला हवं. दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं जाड माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पिढ्यान्‌पिढ्या आमची समजूत अशी, की भिंत जितकी जाड तितकं घर पक्कं आणि मालक तितका मोठा. त्या रात्री त्या जाड भिंतींनीच माणसं मारली. दगड सुटून आत कोसळले, वरून टनावारी माती आली. गावाबाहेर कुडाच्या नाहीतर पत्र्याच्या झोपडीत राहणारे वाचले. ज्यांना वाड्यात यायला मज्जाव होता, त्यांनीच वाड्यातली माणसं उकरून काढली.

सरकारी आकडा सुमारे आठ हजार मृतांचा आहे. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावं पार उद्‌ध्वस्त झाली. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, इथं मोठा भूकंप होत नाही, अशी तोवर समजूत होती. खरं तर आदल्या वर्षी, १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. लोकांनी तक्रारी केल्या होत्या, काही दिवस बाहेर झोपलेही होते. मग धक्के थांबले आणि लोक पुन्हा माळवदाखाली गेले.

माझी थोरली खाला त्याच पट्ट्यात दिली होती. सकाळी ट्रॅक्टरवर बसून अब्बा आणि मी निघालो. रस्त्यावर मदतीची आणि बघ्यांची, दोन्हींची गर्दी. खालाचं गाव म्हणजे दगडांचा एक ढीग होता. गल्ली कुठं, मशीद कुठं, मारुतीचं देऊळ कुठं, काही उमगत नव्हतं. एका म्हातारीनं चिंचेच्या झाडावरून अंदाज सांगितला, ‘चिंचेपासून तिसरं घर तुमचं.’ आम्ही तिथं उकरलं. उकरणारे आम्ही नऊ जण होतो, त्यांतल्या सातांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. खाला दुपारी सापडली. मग पाऊस सुरू झाला. एका बाजूला लाकडं कमी पडत होती म्हणून एका चितेवर अनेक जण ठेवले जात होते, दुसऱ्या बाजूला आम्ही चिखलात कबर खणत होतो. कफनाला कापड नव्हतं. अब्बांनी आपलं धोतर फाडलं. शिंप्याचा हात, फाडतानाही रेघ सरळ आली.

पुढं नवी गावं वसली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, संस्था आल्या. अनाथ झालेल्या बाराशे मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शिकवलं, हे काम मला फार मोठं वाटतं. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याच्या वर चारशे, सात हेक्टरांच्या वर साडेसातशे. रस्ते रुंद, काटकोनात. सुरक्षित आहेत, यात शंका नाही. पण जुन्या गावात जो शेजार होता तो नव्या आखणीत तुटला. खालाच्या नवऱ्याला नवं घर मिळालं ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो मरेपर्यंत रोज संध्याकाळी चालत जुन्या शेजाऱ्याकडं जाई आणि रस्ता लांब केल्याबद्दल सरकारला शिव्या देई.

आमच्या गावातलंही कुणी महिनोन्‌महिने घरात झोपलं नाही. अंगणात, शेतात पालं पडली. गल्लीपेक्षा पालं दाट होती. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना कळे. नोव्हेंबरात हीरो कपच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि अझरनं चेंडू सचिनच्या हातात दिला. आमच्या पालात रेडिओ एकच आणि माणसं तीस. सचिननं त्या सहा धावा होऊ दिल्या नाहीत. तेव्हा झालेला ओरडा ऐकून पलीकडच्या पालातली बाई लेकरू घेऊन बाहेर पळाली. तिला वाटलं, पुन्हा जमीन हलली.

त्याच्या काही दिवस आधी, दिवाळीच्या सुमारास, पोस्टमन सायकल हातात धरून पालांमधून आला. पाकिटावर पत्ता जुन्या घराचा होता. आत जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाची प्रत आणि तिच्यात माझी कविता, पायमशीनवरची. संपादकांनी सोबत चिठ्ठी पाठवली होती, ‘मराठी इतकी चांगली कशी काय?’ अब्बांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि मापांच्या वहीत ठेवून दिली. मग अंक शेजारच्या पालातल्या गुरुजींना दाखवायला ते स्वतः घेऊन गेले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत परत आले नाहीत.