ग्रुइनार्ड : पाचशे पौंडांचे बेट

१/७
स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर ग्रुइनार्ड हे १९६ हेक्टरांचे निर्जन बेट आहे. जवळपास अर्धे शतक तेथे पाऊल ठेवण्यास मनाई होती. कारण तेथील मातीत होते.

२/७
१९४२ साली, जर्मनी जैविक अस्त्रे वापरील या भीतीने, ब्रिटिश शासनाने बेट ताब्यात घेतले. पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी तेथे मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सचे (काळपुळीचे) बाँब फोडले. काही दिवसांतच मेंढ्या दगावल्या. प्रयोग यशस्वी झाला; पण या जंतूचे बीजाणू मातीत अनेक दशके टिकतात.

३/७
युद्धानंतर प्रश्न उभा राहिला : बेट स्वच्छ करावे की तसेच सोडावे? वस्ती नव्हती, भोवती समुद्र होता. धोक्याचे फलक लावून अधूनमधून माती तपासणे स्वस्त होते. शासनाने बेट विकत घेतले. माणसांना व जनावरांना राहण्याजोगे झाल्यावर ते मूळ मालकाला किंवा वारसांना ५०० पौंडांत परत मिळेल, असे ठरले. मुदत मात्र ठरली नाही.

४/७
समुद्राचे हे कुंपण प्रयोगांच्या काळातच अपुरे ठरले होते. एक मेलेली मेंढी वाहत मुख्य भूमीला लागली आणि तेथील जनावरे दगावली, असे मानले जाते. शासनाने खरे कारण लपवून भरपाई दिली.

५/७
१९८१ मध्ये ‘डार्क हार्वेस्ट’ नावाने एका गटाने बेटावरची सुमारे १४० किलो माती उचलल्याचा दावा केला. पोर्टन डाउनजवळ ठेवलेल्या मातीच्या पुडक्यात अँथ्रॅक्स आढळला. धोका आता बेटापुरता उरला नव्हता.

६/७
१९८६ मध्ये सफाई सुरू झाली. सर्वाधिक दूषित माती काढण्यात आली. सुमारे २८० टन फॉर्मल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून फवारण्यात आले. हे रसायनही विषारीच; म्हणजे एका विषावर दुसऱ्याचा उतारा. नंतर बेटावर मेंढ्या चरायला सोडल्या. त्या निरोगी राहिल्या.

७/७
एप्रिल १९९० मध्ये धोक्याचा फलक उतरवला गेला. मे महिन्यात वारसांनी बेट परत घेतले, ठरल्याप्रमाणे ५०० पौंडांतच. युद्धोत्तर हिशेब वेडगळ नव्हता. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती : धोका जेथे ठेवला तेथेच राहील. हिशेब लंडनमध्ये झाला. जोखीम मात्र समोरच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी वाहिली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.