बालाबुष्काची काठी

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द कलर ऑफ मनी' (१९८६) या चित्रपटात पॉल न्यूमनने रंगवलेला एडी फेल्सन, एके काळचा पट्टीचा पूल खेळाडू, टॉम क्रूझने साकारलेल्या तरुण शिष्याच्या हाती एक काठी देतो. तिचे नाव घेतले जाते : बालाबुष्का. एखाद्या गायकाचे घराणे सांगावे तसे. पूल या खेळातले ओ की ठो न कळणाऱ्या प्रेक्षकालाही त्या क्षणी उमगते की इथे काही मोलाची वस्तू हस्तांतरित होते आहे. गंमत अशी की पडद्यावर दिसणारी काठी बालाबुष्काने केलेलीच नव्हती. जॉस या अमेरिकी कंपनीची, त्याच्या धाटणीवर बेतलेली ती काठी होती. आणि तरीही त्या नावाची कीर्ती पूलच्या अड्ड्यांबाहेर गेली ती मुख्यतः या चित्रपटामुळे.

साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रकरण परके वाटू नये. कर्तृत्व कोणाचे, अस्सल म्हणजे काय, वापरातली वस्तू आणि संग्रहातली वस्तू यांचे नाते काय, हे प्रश्न आपण हस्तलिखितांच्या संदर्भात नेहमी विचारतो. तेच इथे लाकडाच्या संदर्भात उभे राहतात.

आधी थोडी ओळख करून देणे भाग आहे. आपल्याकडच्या क्लबांतून पाहायला मिळते ती बिलियर्ड्स-स्नूकरची काठी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले ते त्या परंपरेत. तिचे लाकूड बहुधा अ‍ॅशचे आणि टोक बारीक. अमेरिकी पूलची काठी वेगळ्या जातीची असते. ती मेपलची, मध्यावर जोडायच्या दोन भागांची असते. लांबी सुमारे ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस, चामड्याच्या टिपेचा व्यास १२ ते १३ मिलिमीटर. मागच्या जाड भागाला बट म्हणतात, पुढच्या निमुळत्या भागाला शाफ्ट. हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा इतिहास या दोघांच्या ताटातुटीचा आहे.

स्वतंत्र कारागिराने एका खेळाडूसाठी काठी घडवायची, ही प्रथा रुळवणाऱ्यांत शिकागोच्या हर्मन रॅम्बो याचे नाव अग्रभागी येते. तो आधी ब्रन्सविक या मोठ्या कंपनीत होता. विली हॉपीसारख्या दिग्गजाच्या हाती त्याच्या काठ्या होत्या. त्या काळी कारागीर बहुधा ब्रन्सविकचीच 'टायटलिस्ट' ही अखंड काठी घेत, ती मध्यावर कापीत, जॉइंट बसवीत आणि नव्याने घडवीत. टायटलिस्टच्या बटात दोन लाकडे एकमेकांत पाचरीसारखी घुसवलेली असत. वरून पाहिले तर निमुळत्या टोकांची नक्षी दिसते, पण तिचा हेतू शोभेचा नव्हता. असा सांधा लवकर वाकत वा निखळत नाही, म्हणून ती रचना. शोभा हा मजबुतीचा उपपदार्थ होता.

जॉर्ज बालाबुष्का (१९१२-१९७५) या वातावरणात आला. जन्म रशियातला, १९२४ साली आईवडिलांबरोबर तो न्यूयॉर्कला आला आणि लहान मुलांची लाकडी खेळणी बनवण्याच्या कामात स्थिरावला. यंत्रकरवतीवर त्याचे एक बोट तुटले, तेव्हा त्याने स्वतःच कृत्रिम बोट बनवून घेतले, तेही इतके हुबेहूब की अनेकांच्या लक्षात येत नसे. (चरित्रकाराने एवढी एकच हकीकत सांगितली तरी कारागीर उभा राहावा!) १९५९च्या सुमारास त्याने मित्रांसाठी काठ्या करायला सुरुवात केली आणि पुढच्या सोळा-सतरा वर्षांत, एकट्याच्या कार्यशाळेत, साधारण हजार-बाराशे काठ्या घडवल्या. त्यांत भपका नाही. चार निमुळती टोके, रंगीत लाकडाच्या पातळ पट्ट्या, मुठीवर आयरिश लिननच्या दोऱ्याचा वेढा, क्वचित शिंपल्याचे ठिपके. खेळाडू त्या घेत, कारण त्या हातात नीट बसत आणि फटक्याचा निरोप मनगटापर्यंत पोचवीत. त्या वेळी काठी चांगली चालते म्हणूनच ती पुढे विकली जाई. दोन मोले एकाच लाकडात नांदत होती.

मात्र 'बालाबुष्काची काठी' म्हणताना एक पेच आहे. बटाचा तो पाचर बसवलेला कच्चा भाग, ज्याला ब्लँक म्हणतात, तो पुष्कळदा दुसऱ्याचा असे. आधी टायटलिस्टचा, मग बर्टन स्पेनचा, नंतर गस झॅम्बोटीचा. स्पेन आणि झॅम्बोटी स्वतःही नामांकित कारागीर. म्हणजे डोळ्यांत भरणारी ती टोके एकाची आणि स्वाक्षरी दुसऱ्याची. संग्राहक आज ब्लँकवरून काठीचा काळ ठरवतात, अगदी आपण लेखनवळणावरून पोथीचा ठरवतो तसा. पुढे तर त्याचे नाव परवान्याने वापरून कारखान्यातही काठ्या निघाल्या. नाव तेच, हात निराळे. अशा काठीचा खेळ वाईट असेलच असे नाही, पण बालाबुष्का म्हणून तिला भाव मिळणार नाही.

१९७५ साली तो गेला आणि काठ्यांची संख्या कायमची ठरली. मग टेव्हिसची कादंबरी (१९८४), चित्रपट, आणि १९९०च्या दशकात काठ्यांचे भाव नोंदवणारे 'ब्लू बुक'सारखे ग्रंथ. संग्राहकाची जात इथे जन्मली आणि तिच्या कसोट्या खेळाडूच्या कसोट्यांच्या नेमक्या उलट निघाल्या. खेळाडू शाफ्ट घासून स्वच्छ करतो. प्रत्येक घासणीत ती केसभर बारीक होते आणि भाव उतरतो. खेळाडू फाटलेला वेढा बदलतो, निघालेले पॉलिश पुन्हा चढवतो. संग्राहकाला मूळ वेढा आणि मूळ पॉलिश हवे. चांगला संपादक पोथीवरचा डाग पुसत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. पण पोथी वाचल्याने झिजते, हेही तितकेच खरे. काठीच्या बाबतीत ही झीज मोजता येते, एवढाच फरक.

हस्तिदंताने हा गुंता आणखी वाढवला. फेरूल, जॉइंटची कडी, जडावकाम, सर्वत्र तो वापरला जाई आणि एके काळी त्यामुळे किंमत चढत असे. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी या राज्यांनी २०१४ साली विक्रीवर बंधने आणली, २०१६च्या जुलैत अमेरिकेच्या संघराज्य सरकारने व्यापार जवळजवळ बंद केला. हत्तींच्या दृष्टीने उशीरच झाला म्हणायचा. ज्या अलंकाराने भाव वाढला होता, त्यानेच काठी विकणे अवघड झाले. आज विकत घेताना हस्तिदंत नसलेली काठी घ्यावी, हे नीतीच्या आणि व्यवहाराच्या दोन्ही बाजूंनी शहाणपणाचे.

खरी फाळणी मात्र १९९४ साली प्रेडेटर या कंपनीच्या शाफ्टने केली. पांढऱ्या चेंडूला मध्यापासून बाजूला टिप लागली की चेंडू नेमलेल्या रेषेवरून थोडा विरुद्ध बाजूला सरकतो. ही सरक शाफ्टच्या टोकाकडच्या काही इंचांतल्या वजनावर अवलंबून असते. टोक हलके केले की ती कमी होते. प्रेडेटरने लाकडाच्या फाका जोडून, टोक पोकळ करून हे साधले. २०१६ साली त्यांचा कार्बन फायबरचा शाफ्ट आला. तो वाकत नाही, घासला तरी बारीक होत नाही. खेळाचे बहुतेक गुण असे सुटे होऊन दुकानात मिळू लागले. बटाच्या वाट्याला तोल, वजन, मूठ, आणि नाव उरले.

त्यामुळे काठी घडवून घेऊ पाहणाऱ्याने बट आणि शाफ्ट यांचा हिशेब वेगवेगळा करावा, असे आमचे मत आहे. बट हयात किंवा दिवंगत, पण काम ओळखता येईल अशा कारागिराचे असावे. जॉइंट प्रचलित मापाचा असावा, नाहीतर दुसरा शाफ्ट बसत नाही आणि गिऱ्हाईकही मिळत नाही. स्वतःचे नाव कोरून घेण्याचा मोह टाळावा. जोडलेली काठी टेबलावर लोळवून टोकाखालचा उजेड पाहावा. तो कमी-जास्त होत असेल तर वाक आहे. आणि मूळ शाफ्ट जपून ठेवावेत, कारण दोन मूळ शाफ्टांविना जुनी काठी अपुरी समजली जाते.

ज्यांच्याकडे अस्सल बालाबुष्का आहे आणि ज्यांना खेळल्यावाचून राहवत नाही, त्यांतले काहीजण आता असेच करतात. मूळ शाफ्ट पेटीत आणि बटाला नवा शाफ्ट जोडून खेळ. लिननचा जुना वेढा तळहाताला लागतो. चेंडूला मात्र बालाबुष्का स्पर्श करीत नाही.