घरखर्चाच्या वहीत कार्बनचे एक पान

'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत आणि नातवंडांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये वरचेवर भेटतो. अर्थ सोपा आहे. घरात वीज, गॅस, पेट्रोल, पाणी, अन्न असे जे काही वापरले जाते, त्यापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड आणि त्यासारखे उष्णता धरून ठेवणारे वायू सोडले जातात, त्याचा किलोमध्ये मांडलेला हा हिशोब. आमच्यापैकी अनेकांची उमर जमा-खर्च जुळवण्यात गेली. त्याच सवयीने हा विषय सभासदांपुढे मांडत आहोत. उपदेश बाजूला ठेवून आधी आकडे पाहू.

हे आपल्यासाठी का?

कोठी मुसी नदीच्या काठची वस्ती. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराच्या गोष्टी आपल्या जुन्या घरांतून पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्या पुरानंतरच उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव बांधले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये शहरातल्या अनेक कॉलन्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. एखाद्या पावसाचा सगळा दोष तापमानवाढीला देता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते एकदम कोसळण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे एप्रिल-मेचा उन्हाळा आहेच. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली राहणाऱ्या आपल्या वयाच्या माणसांना तो सर्वांत जास्त बाधतो.

हिशोबाचे चार दर

पुढचे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. सगळे गणित त्यांवरच चालते.

• वीज : एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. देशाची बरीचशी वीज कोळशावर होते. आपल्या राज्यातही सिंगरेणीचा कोळसा आणि रामगुंडमसारखी औष्णिक केंद्रे हाच मोठा आधार आहे.
• स्वयंपाकाचा गॅस : १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो.
• पेट्रोल : एका लिटरमागे सुमारे २.३ किलो. डिझेल असेल तर २.७ किलो.
• पाणी : हजार लिटरमागे साधारण १ किलो.

शेवटच्या आकड्याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. शहराला मिळणारे कृष्णेचे पाणी नागार्जुनसागरच्या जलाशयातून येते. त्या जलाशयाची पूर्ण पातळी ५९० फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १८० मीटर. हैदराबाद ५०० मीटरच्या वर वसलेले आहे. हजार लिटर पाणी तीनशे मीटरहून अधिक उंच चढवायला नुसत्या चढाच्या गणिताने जवळपास एक युनिट लागते. नळातले घर्षण आणि पंपांतली तूट धरली की ते सव्वा ते दीड युनिटवर जाते. गोदावरीचे पाणीही येल्लमपल्लीहून पंपांनीच चढवून आणावे लागते. एक नदी महाबळेश्वरची, दुसरी त्र्यंबकेश्वरची. आपल्या मुलखातून निघालेले पाणी आपल्या नळापर्यंत येते खरे, पण कोळशाच्या खांद्यावर बसून येते.

नमुन्याचे एक घर

समजा, कोठी-काचीगुडा भागात चार माणसांचे घर आहे. महिन्याला २५० युनिट वीज, वर्षाला ९ सिलिंडर, स्कूटर आणि कार मिळून महिन्याला ३० लिटर पेट्रोल आणि महिन्याला १५ हजार लिटर पाणी. वर्षाचा हिशोब असा होतो :

• वीज : २,१०० किलो
• पेट्रोल : सुमारे ८३० किलो
• गॅस : सुमारे ३८० किलो
• पाणी : सुमारे १८० किलो
• एकूण : सुमारे ३,४९० किलो, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन

यात अन्नधान्य, कपडे, विमानप्रवास धरलेला नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. शंभरातले साठ विजेचे आहेत. बँकेत थकबाकी वसूल करताना आम्ही आधी मोठी खाती उघडत असू. इथेही तेच धोरण ठेवावे. कापडी पिशवी जरूर वापरावी, पण पिशवीचे समाधान मानून पंखे, एसी आणि गीझरकडे दुर्लक्ष करू नये.

वीज : पहिले मोठे खाते

आपल्याकडच्या २०२२ च्या दरपत्रकात एक मेख आहे. महिन्याचा वापर १०० च्या वर पण २०० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटना ३.४० रुपये आणि पुढच्या १०० ना ४.८० रुपये दर. वापर २०० च्या वर गेला की घराचा वर्गच बदलतो. मग पहिल्या २०० युनिटनाही ५.१० रुपये आणि त्यापुढच्या १०० ना ७.७० रुपये. म्हणजे २०० युनिटचे ८२० रुपये आणि २५० युनिटचे १,४०५ रुपये (स्थिर आकार आणि इतर आकार वेगळे). शेवटची ५० युनिटे ५८५ रुपयांना पडतात, आणि हवेत ३५ किलो कार्बन डायऑक्साइड जातो तो वेगळा.

ही ५० युनिटे वाचवायची कशी? जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. तीन पंखे रोज १२ तास चालत असतील तर दिवसाला १.६ युनिट वाचते, महिन्याला साधारण ४९. एवढ्या एका बदलाने आपले नमुन्याचे घर २०० च्या उंबरठ्यावर येते. थोडे दिवे लक्षात ठेवून बंद केले की आतही येते. तीन पंख्यांचा खर्च दीड-दोन वर्षांत बिलातूनच वसूल होतो. इतका परतावा आमच्या नोकरीच्या काळात कोणत्याही मुदत ठेवीने दिला नाही.

एसी असल्यास तो २० ऐवजी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाप्रमाणे दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. सहा अंशांत साधारण तिसरा हिस्सा झाला. मात्र घरातल्या वृद्धांनी आणि आजारी माणसांनी तीव्र उन्हाळ्यात बचतीसाठी एसी किंवा कूलर बंद करून उकाड्यात बसू नये. त्यांच्या जिवापुढे बिलाचा विचार करायचा नसतो. बचत बाकीच्या दहा महिन्यांत आणि बाकीच्या खोल्यांत करावी.

गच्चीला पांढरा रंग हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरण आणले ते याच तत्त्वावर. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हा विषय सोसायटीच्या बैठकीत मार्चच्या आधी काढावा.

गीझरमध्ये १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. चार माणसांच्या रोजच्या एकेक बादलीचे महिन्याला ४० ते ४५ युनिट होतात. गच्चीवर जागा असेल तर सोलर वॉटर हीटर हे खाते जवळजवळ बंद करतो.

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असल्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात.

स्वयंपाकघर

इंडक्शन शेगडी घेतली की कार्बन कमी होतो, असे सरसकट सांगितले जाते. आकडे तसे म्हणत नाहीत. आजची वीज मुख्यतः कोळशाची असल्याने तेच वरण इंडक्शनवर शिजवले तर गॅसपेक्षा जास्त कार्बन पडतो. गच्चीवर स्वतःची सौरवीज असेल तर मात्र इंडक्शन नक्की घ्यावी.

गॅस वाचवण्याचे उपाय आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतेच. डाळ-तांदूळ आधी भिजवणे, कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकावर एक लावणे, झाकण ठेवून शिजवणे, उकळी आली की आच मंद करणे. वर्षाला दोन सिलिंडर वाचले तरी ८४ किलो कमी झाले.

उरलेल्या अन्नाचाही हिशोब आहे. ओला कचरा जवाहरनगरच्या डेपोत दबून कुजला की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. भाजीची देठे, साली, निर्माल्य बाल्कनीतल्या कुंडीत किंवा बादलीत सुक्या पानांसह थर देऊन कुजवले तर तुळशीला आणि कढीलिंबाला खत मिळते. बादलीला भोके असावीत आणि आठवड्यातून दोनदा वर-खाली करावे, म्हणजे वास येत नाही.

पाणी

पात्र ग्राहकांना महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत मिळते, आणि पात्र कुटुंबांना २०० युनिटपर्यंत वीजही. बिल शून्य आले तरी त्यामागचा कार्बन शून्य नसतो, एवढे लक्षात असू द्यावे. गळका नळ आणि वाहणारी टाकी आधी दुरुस्त करावी. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला किंवा भांडी विसळायला घ्यावे.

जाणे-येणे

आपल्या भागाएवढी सोय शहरात थोड्याच ठिकाणी आहे. सुलतान बाजार आणि उस्मानिया मेडिकल कॉलेज ही दोन मेट्रो स्थानके चालण्याच्या अंतरावर, आणि एमजीबीएसला गाडी बदलता येते. अमीरपेठ, दिलसुखनगर किंवा सिकंदराबादला एकट्याने कार काढण्याची गरज पडत नाही. बडी चावडीची भाजी तर पायीच आणावी.

गावी जाताना रेल्वेचा विचार आधी करावा. हैदराबाद ते पुणे सुमारे ५६० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या कारला ३७ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे एका बाजूचे ८५ किलो. नांदेड, संभाजीनगर, पुणे, मुंबई या सगळ्या दिशांना आपल्याकडून थेट गाड्या आहेत.

आपले कार्यक्रम

गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट अशा कार्यक्रमांत स्टीलची ताटे-पेले वापरावेत. माणसांची संख्या आधी कळवली तर अन्न उरत नाही. एका भागातले सभासद एका गाडीने आले तर पार्किंगचाही प्रश्न सुटतो. संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकची डबी देण्याऐवजी एलईडी दिवा किंवा कढीलिंबाचे रोप द्यावे. पुस्तकांच्या बाबतीत कोठी आधीपासूनच पुढे आहे. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी आणि इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने एकेक प्रत किती हातांत फिरू शकते, ते दाखवून दिले आहे.

सुरुवात कशी करावी

या महिन्यात काहीही विकत घेऊ नये. फक्त चार आकडे वहीत लिहावेत : विजेची युनिटे, सिलिंडर लावल्याची तारीख, पेट्रोलचे लिटर आणि पाण्याच्या मीटरचा आकडा. तीन महिने नोंद झाली की आपल्या घराचे मोठे खाते कोणते ते आपोआप दिसेल. त्यावर एकच उपाय निवडावा आणि पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा, कारण मेची तुलना डिसेंबरशी करून चालत नाही. वर्ष संपल्यावर ज्यांना आकडे जुळवायला मदत हवी असेल, त्यांनी वही घेऊन मंडळात यावे. आम्ही काही निवृत्त मंडळी बेरजेला बसायला तयार आहोत.